खिडकीपाशी न आलेली बाई

नवऱ्याला सांगितलं नाही, सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. देवासमोर हात जोडले तेव्हाही हा विषय मी सोयीस्करपणे बाजूला ठेवला, त्याला ठाऊक असेलच म्हणून. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का? कारण तुम्ही मला ओळखत नाही, आणि ओळखणाऱ्यांसमोर माझी जीभ रेटत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याच्या बँकेच्या कार्डाची कुणीतरी नक्कल केली. कार्ड त्याच्या खिशात आणि पैसे भलत्याच गावातल्या मशीनमधून गेलेले. चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. मग तो मला म्हणाला, "मावशी, तू तर बँकेत होतीस. तुमच्या रत्नागिरीत तेव्हा असलं काही नसेल ना?" मी म्हटलं, "छे, तेव्हा माणसं सरळ होती." असं म्हणून मी उठले आणि चहा टाकला. तो चहा मला गेला नाही.

सरळ! चार लोकांत नाकाने कांदे सोलायची मला जुनी सवय आहे. इन्स्पेक्टर येऊ दे, साहेब बदलू दे, माझ्या टेबलावर कधी काही निघायचं नाही. मास्तरांची मुलगी, शाखेतली पहिली बाई, असं सगळे म्हणायचे आणि मला ते आवडायचं. फार आवडायचं. पुढचं सगळं त्या आवडण्यातून झालं, हे आधीच सांगून ठेवते.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. तेव्हा कार्ड असायचं, पण ते बँकेच्या कपाटात. खातेदाराच्या सहीचा नमुना त्यावर घेतलेला असे. कुणी पैसे काढायला आलं की ते कार्ड काढायचं, स्लिपवरची सही त्याच्याशी पटवायची, मगच टोकन द्यायचं. सही पटवणं हे माझं काम. आतल्या गावांतून आमच्याकडे बऱ्याच बायकांची खाती होती. मुलगे, नवरे मुंबईला, आणि ते पाठवतील त्यातलं उरलंसुरलं इथे. बहुतेकींचे अंगठे. अंगठा म्हटला की बाईला स्वतः यावं लागे. पण त्यांच्या वाडीवरून एस.टी. दिवसातून दोनदा. एका स्लिपेसाठी अख्खा दिवस आणि दिवसाची मजुरी जायची.

म्हणून मी एक मोहीम काढली होती. अंगठा सोडा, सही शिका. लांज्याच्या अलीकडच्या एका वाडीवरची जनाबाई माझं ऐकून सही शिकली. साठीची बाई. तिची सून सुनंदा सातवी झालेली, तिने पाटीवर गिरवून गिरवून सासूला तिचं नाव लिहायला शिकवलं. नव्या कार्डावर सही करताना जनाबाईला घाम फुटला होता. अक्षरं चढणीला लागलेली, पण सही झाली. साहेबांनी सगळ्यांना चहा सांगितला. माझं कौतुक झालं. शिकवलं सुनेने आणि कौतुक माझं — तेव्हाही मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सही आल्यावर जनाबाईला यायची गरज उरली नाही. त्यांच्या वाडीतला तात्या कोर्टापाशी अर्ज लिहायला रोज रत्नागिरीला यायचा. वाडीतली दहा-पंधरा पासबुकं सुतळीने बांधून तो पिशवीत आणायचा. नोंदी करून न्यायचा, आणि कुणी सही करून स्लिप दिली असेल तर पैसेही न्यायचा. नियमात हे कुठेच बसत नव्हतं. पण आम्ही द्यायचो. वाडीचा माणूस, सगळ्यांचा विश्वासाचा, मग नाही कसं म्हणायचं? आमचे साहेब घाटावरचे, त्यांना हा रिवाज ठाऊक नव्हता. आणि तात्या समोर असला की मी कार्ड काढायचेच नाही. कशाला? तात्या होता ना!

तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला पाच महिने लागले.

एका सकाळी जनाबाई आणि सुनंदा साहेबांच्या केबिनमध्ये उभ्या होत्या. खात्यात जवळजवळ काही उरलं नव्हतं. घरावर मंगळुरी कौलं घालायची म्हणून सात वर्षं साठवलेले पैसे एकाच स्लिपेवर गेले होते. साहेबांनी मला बोलावलं, ती स्लिप हातात दिली आणि सही पटवून बघायला सांगितलं. मी कपाटापाशी गेले. कार्ड काढलं. सही जुळत होती. मग काय वाटलं कोण जाणे, मी तिची आधीची एक स्लिप शोधली आणि दोन्ही स्लिपा एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरल्या.

रेघेवर रेघ बसली. कुठे केसाचाही फरक नाही. साठाव्या वर्षी सही शिकलेल्या बाईची सही दोनदा सारखी येईल? तिची तर एकाच कागदावर दोनदा केली तर दोन तऱ्हेची व्हायची. आधीची स्लिप तात्याने आणली होती, म्हणजे वाटेत तिच्यावरची सही कोऱ्या स्लिपेवर गिरवून घ्यायला त्याला वेळ होता. नवीही त्यानेच आणली होती, आणि पैसे त्याच्या हातात द्यायचं टोकन मी दिलं होतं. पैसे नेताना तो सहज "म्हातारीने कौलं ठरवलीत" म्हणाला होता, तेही आठवलं.

मी केबिनमध्ये परत आले. साहेबांनी विचारलं, "कोण आलं होतं पैसे न्यायला?"

इथे मी थांबते. दर वेळी इथेच थांबते मी. किती वेळ मिळाला असेल मला — एक श्वास? त्या श्वासात मी काय काय पाहिलं सांगू? नोकरी गेलेली पाहिली. वडिलांची खाली गेलेली मान पाहिली. जनाबाईकडे पाहिलं नाही. तात्याचं नाव घेतलं तर परक्या माणसाच्या हातात पैसे दिल्याचं उघडं पडणार होतं, आणि कार्ड न काढल्याचंही.

मी म्हटलं, "एक बाई होती. पदर पुढे घेतलेला, गर्दीत चेहरा नीट दिसला नाही. पण पासबुक होतं आणि सही पटली."

कुणी बाई नव्हती हो. खिडकीपाशी तात्या होता, पान खाऊन लाल झालेल्या तोंडाने हसत. ती बाई मी तिथल्या तिथे तयार केली. तिचा पदरही मीच पुढे ओढला.

जनाबाई म्हणाली, "बाय, ही सय माजी नाय. माजा हात येवडा सरळ चालत नाय." मग पासबुक तात्याकडे दिलं होतं असंही ती म्हणाली. पण पैसे नेणारी बाई म्हटल्यावर तात्या आपोआपच सुटला. त्याने पासबुक परत आणून घरी दिलं होतं, सुनंदाच्या हातात. साहेबांनी चष्म्यावरून सुनंदाकडे पाहिलं. मग जनाबाईनेही पाहिलं. मी ते पाहिलं आणि दोन्ही स्लिपा फायलीत परत लावल्या.

त्या घरात लिहिता येणारी बाई एकच होती. मुंबईहून तिचा नवरा आला, तो बँकेतही येऊन गेला. जिने आईला सही गिरवायला शिकवली तिलाच ती हुबेहूब काढता येणार, हा त्याचा हिशेब. मला त्याने हात जोडून विचारलं, ती बाई अंगाने कशी होती? मी म्हटलं, "बारीक असावी." असावी! विचारल्यावर मी आणखी एक थाप मारली. सुनंदा बारीक होती.

लग्नाला दोन वर्षं, पदरी पोर नाही, म्हणजे सोडायला सोपी. त्याने तिला लांज्यापलीकडच्या माहेरी नेऊन सोडलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं आपण किती सहज म्हणतो. संन्याशाला निदान घर नसतं.

आणि तात्या? तात्या येतच राहिला. त्याला कळलं होतं की मला कळलं आहे, आणि मी बोलू शकत नाही हेही. त्या मे महिन्यात त्याने माझ्या टेबलावर दोन डझन हापूस ठेवले. मी नको म्हणायला हवं होतं. घेतले. आमच्या घरी सगळ्यांनी वाखाणून खाल्ले, वडिलांनी सुद्धा.

त्यानंतर काही वर्षांनी, दशक संपता संपता, माझी लांज्याला बदली झाली. तिथल्या काजूच्या कारखान्यातल्या बायका खातं उघडायला आल्या होत्या. रांगेत सुनंदा होती. मी ओळखलं. तिनेही ओळखलं, आणि आपलं माणूस भेटल्यासारखी हसली. काजूच्या टरफलातल्या तेलाने तिची बोटं काळी पडून सोलवटली होती. सहीची जागा दाखवली तर म्हणाली, अंगठा घ्या. सातवी शिकलेली बाई. मी शाईचा पॅड पुढे केला.

अंगठा पुसता पुसता ती म्हणाली, "सासू गेली माजी, गेल्या साली. वाडीवरच्या बाया सांगतात, शेवटाक तिलापन वाटायचा, मी न्हाई ग्येली आसंल. पन मंग म्हनायची, ब्यांकेतली बाय खोटा कशाला बोलंल?"

मी कार्डावर तारीख घालत होते.

"खरा सांगू? आता कदी कदी मलाच वाटता, ग्येली आसंन मी. तुमी बगितलात ना."

ती माझ्याकडे पाहत होती. तक्रार नव्हती तिच्या तोंडावर. ती विचारत होती — तिच्याच आयुष्यातली एक गोष्ट खरी की खोटी, एवढंच, आणि ते सांगू शकणारं माणूस जगात मी एकटीच होते. तात्या तोवर मेला होता. साहेब निवृत्त झाले होते. माझी नोकरी आता कुणी घेतली नसती.

मी म्हटलं, "झालं तुमचं. पासबुक सोमवारी मिळेल." आणि पुढच्या बाईचं नाव पुकारलं.