दाजींच्या कानावरची जाळी

आमचे दाजी, मानसिंगराव, हवालदार म्हणून फौजेतून परतले आणि सिग्नलच्या पलटणीत होतो असं फलटणभर सांगत सुटले. होते खरे, पण स्टोअरमध्ये. कांबळी आणि बूट वाटण्यात नोकरी गेली. येताना पेन्शन आणली आणि खाकरून बोलायची सवय आणली. ऊस, म्हशी, पाण्याची पाळी सगळं माझ्या धाकट्या बहिणीच्या, संयोगिताच्या गळ्यात घातलं आणि गोठ्याला लागून असलेल्या खोलीत बसून हेडफोनचे अ‍ॅम्प्लिफायर बनवायला लागले.

हे साधे हेडफोन नव्हेत. यात दोन जाळ्यांच्या मध्ये पातळ पडदा असतो आणि त्याला पाचशेवर व्होल्ट लागतात. ते व्होल्ट पुरवणारा डबा दाजी इंटरनेटवरचा नकाशा बघून जोडतात, पुण्यातल्या हौशी लोकांना कुरिअरने धाडतात, आणि घरघरतो म्हणून तो परत आला की ‘रिपेरिंगचं काम आलंय’ म्हणून मिशीवर हात फिरवतात. दुसऱ्या कुणी बनवलेला डबा त्यांच्याकडे रिपेरिंगला आलेला मी तरी पाहिला नाही. सोल्डरिंग करताना चेहरा मात्र असा, की जणू कुणाच्या काळजाचं ऑपरेशन चाललंय.

दिवाळीनंतर संयोगिता गोठ्यात शेणावरून घसरली. खुब्याचं हाड मोडलं. नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलेलं नाही, म्हणून पडल्या जागेवरून नुसतं ‘आवं, आवं’ करत राहिली. शेवटी दूध न्यायला आलेल्या गवळ्यानं तिला उचललं. दाजी भिंतीपलीकडेच होते.

“कानाला लावलं की जग बंद हुतंय,” दवाखान्यात ते म्हणाले. “मला काय सपान पडनार व्हतं?”

सगळ्यांना पटलं. तिला तर सगळ्यांच्या आधी. येणाऱ्याजाणाऱ्याला तीच सांगायची, “त्यांचा काय दोष? ऐकूच आलं न्हाई त्यास्नी.”

आता ती वॉकर धरून चालते. परत पडली तर पाय गेला, असं डॉक्टरांनी बजावलंय. म्हणजे तिचा पाय एका हाकेवर, आणि हाक ऐकायला घरात हे एकटे. त्यांचं तोंडसुद्धा बघायची इच्छा नव्हती, तरी परवा मुद्दाम गेलो.

“दाजी, हे कानातलं खूळ आता बंद करा. तिनं हाक मारली तर कसं व्हायचं?”

“पाव्हणं, न ऐकता बोलू नगा,” दाजी खाकरले. “एकदा कानाला लावा. मग सांगा बंद करू का.”

आणि मोठ्या मानानं त्यांनी तो हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला. बाहेरच्या अंगालाही चहाच्या गाळणीसारखी जाळीच होती. सतार सुरू झाली. छान वाजत होती, खोटं कशाला बोलू. पण सतारीबरोबर मला गोठ्यातली म्हैस साखळी ओढताना ऐकू आली, रस्त्यावरचा ट्रॅक्टर ऐकू आला. आणि मग दोन खोल्यांपलीकडून, स्वयंपाकघरातून,

“आवं, च्या झालाय!”

“आलो गं!” मी ओरडलो.

दाजींचा चेहरा उतरला. त्यांनी घाईघाईनं हेडफोन माझ्या डोक्यावरून ओढला, पण वॉकरची टकटक दारापर्यंत आली होती. संयोगितानं त्यांच्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“दादा, हे कानाला लावलं व्हतंस तू?”

“व्हय.”

“आन् ऐकू आलं?”

“सगळं ऐकू येतंय गं. दोन्हीकडनं उघडंच हाय हे.”

“तसं न्हाई,” दाजी सुरू झाले. “लय टेक्निकल हाय त्ये. व्होल्टेज वर गेलं की...”

तिनं ते सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. फक्त वॉकर नीट धरला.

“मानसिंग,” ती म्हणाली, “ऊठ, म्हशीला वैरण टाक.”

दाजींना ते पहिल्या हाकेला ऐकू आलं.