रिकाम्या सिलिंडरचे बुडबुडे

गूढ अनुभवांच्या अशा सदरातले किस्से मी आवडीनं वाचतो, पण खरं सांगायचं तर त्यातल्या बहुतेकांवर माझा विश्वास बसत नाही. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो... आमच्या घराण्यातला पहिलाच. तरीही एक गोष्ट मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे, म्हणून लिहितो.

साल शहात्तर, उसाचा हंगाम. नोकरीसाठी मी सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन राहत होतो. गाव रहिमतपूरजवळ. माझी थोरली वहिनी काही दिवस माझ्याकडे आली होती. मी शिकलो तो तिच्यामुळे. "भावजींच्या वाटणीचं रानातलं काम मी करते, पर त्यास्नी कॉलेजात धाडा," असं तिनं साऱ्या घरासमोर सांगितलं होतं.

भाकरी थापता थापता ती डोकं धरून कोसळली. दवाखान्यात पाठीच्या मणक्यातून पाणी काढलं, ते लाल निघालं. मेंदूत रक्तस्राव! काही दिवसांत ती शुद्धीवर आली, बोलू लागली... आणि एका सकाळी उजवा हात उचलेना, जीभ अडखळू लागली. डॉक्टरांनी मला समजावलं. असं रक्त सांडलं की काही दिवसांनी मेंदूतल्या शिरा आकसतात आणि मेंदूला रक्त कमी पोचतं. जे पोचतंय त्यात ऑक्सिजन तरी भरपूर हवा. "हे दिवस निभावले, तर शिरा पुन्हा सैल होतील."

मास्क लावला. सिलिंडरमधला ऑक्सिजन पाण्याच्या बाटलीतून बुडबुडत येई. संध्याकाळी वहिनीला जरा हुशारी वाटली. "मळणीच्या बैलावानी... मुसकं घातलंय मला," ती अडखळत म्हणाली, आणि अर्ध्या तोंडानं हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी नर्सबाईंनी सिलिंडरचा काटा पाहिला. शून्यावर.

"अहो, हा संपला! दुसरा मिरजेहून यायचाय अजून."

पण बाटलीत बुडबुडे येत होते. त्यांनी काट्यावर टिचकी मारली, सिलिंडरवर पान्हा आपटला. रिकाम्या घागरीसारखा आवाज आला. मी मास्कच्या कडेला हात नेला, तर गार झोत हाताला लागत होता.

तेवढ्यात दादा, म्हणजे वहिनीचा नवरा, आणि आमचे चुलते आप्पा जीप घेऊन आले. मास्क बघून आप्पा दारातच थबकले. आमच्याकडे समजूतच तशी. ऑक्सिजनची नळी लागली म्हणजे माणूस संपला, आणि जीव जायचा तर घरच्या उंबऱ्याच्या आत जावा.

"नळी लागली. उचला आता."

"आप्पा, ही शेवटची नळी न्हाई. ह्यानंच तिला उतार पडतोय. डॉक्टरांना इचारा."

"डाक्टर ठेवाच म्हणणार. अन् तू रं? बी.एस्सी. झालास म्हंजी डाक्टर झालास व्हय?"

"दादा, तू तरी बोल."

दादा खाली बघत म्हणाला, "हितं काय झालं तर भावकी तोंडात शेण घालंल रं. घरला नेऊ."

वहिनी जागी होती. डाव्या हातानं तिनं खाटेची कड धरली. "मला... हितंच..."

"बरळतीया," म्हणत आप्पांनी तिची बोटं सोडवली.

डॉक्टरांनी नको नको म्हणून सांगितलं. शेवटी दादाची सही घेतली. तिला उचलून नेलं, तेव्हा उशीवर पडलेल्या मास्कमधून हवा येतच होती. बाटली बुडबुडत होती... रिकाम्या खाटेशेजारी.

ती घरी पोचलीच नाही. कराडच्या अलीकडे कारखान्याकडे निघालेल्या उसाच्या गाड्यांची रांग लागली होती. त्या रांगेमागं, थांबलेल्या जीपमध्ये ती गेली.

पुढे नर्सबाई भेटल्या. आमची जीप गेल्यावर बुडबुडे आपोआप थांबले, असं त्या म्हणाल्या. कॉलेजातल्या सरांना विचारलं, तर म्हणाले, "काटा बिघडला असेल." पण तोच काटा नर्सबाईंनी नव्या सिलिंडरला लावला होता, आणि त्यानं दाब बरोबर दाखवला.

माझ्याकडे याचं उत्तर आजही नाही. आप्पांकडे मात्र सगळ्याचंच होतं. दहाव्याला ते चारचौघांत सांगत होते, "ह्यानं नळी लावू दिली न्हवं, तिथंच संपली ती."

आणि सगळे माना डोलवत होते. दादासुद्धा.