पोकलेनचा विटाळ

विजयश्रीचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. सोपानरावांच्या यार्डात कुणालाही विचारा, सांगतील. तिच्या कामाबद्दल विचाराल तर तेही सांगतील, फक्त जरा खाली बघून.

हे यार्ड चाकणजवळ, निघोज्याला. जमीन कंपन्यांना गेली तेव्हा भाऊबंदांनी बंगले बांधले, सोपानरावांनी पोकलेन घेतली. आता त्यांच्या दहा-बारा मशिनी भाड्यानं फिरतात. कुठं कारखान्याचा पाया, कुठं रस्ता. एखादी बंद पडली की विजयश्री लॅपटॉप घेऊन निघते, केबिनमध्ये वायर जोडते आणि इंजिननं स्वतःच नोंदवून ठेवलेला बिघाडाचा कोड वाचते.

ती मूळची अहमदपूरकडची. आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात एकटीच मुलगी. पहिल्या दिवशी मास्तर म्हणाले, "बाळ, शिवणकामाचा वर्ग पलीकडं आहे." ही म्हणाली, "बघून आले सर. तिथल्या मशिनी लई लहान हायत." लग्न होऊन सुजितबरोबर मोशीला आली. तो कंपनीत शिफ्टला जायचा आणि हिला भोसरीत सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर नोकरी मिळाली. तिथं तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. लोक खराब म्हणून जे सेन्सर काढून आणायचे, त्यातले कितीतरी धडधाकट असायचे. कोडनं ज्याचं नाव घेतलं ते उपटायचं आणि नवं बसवायचं, एवढंच मेकॅनिकांना माहीत. पोर रडतंय एवढं कोड सांगतो. चिमटा कुणी काढला ते आपलं आपण शोधायचं असतं. हे तिला कुणी शिकवलं नाही, आणि ती ते कुणाला मऊ शब्दांत सांगतही नाही. त्याच जोरावर तिनं काउंटर सोडून सोपानरावांच्या यार्डात काम मिळवलं.

तर यंदाच्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी यार्डातल्या सगळ्या मशिनी धुऊन, झेंडूचे हार घालून पुजल्या जातात. नवी पोकलेन धुवायला ऑपरेटर नवनाथनं पाण्याचा जोराचा फवारा सोडला. इंजिनच्या कॉम्प्युटरवर पाणी जाईल म्हणून विजयश्री बुटांसकट वर चढली आणि त्याच्यावर प्लास्टिक बांधून उतरली. सोपानरावांच्या आई, तानाबाई, खुर्चीवरून हे बघत होत्या. मग पूजा झाली. नवी मशीन म्हणून सोपानरावांना भरतं आलं. नारळ जमिनीवर न फोडता त्यांनी बॉनेट उघडून इंजिनवरच फोडला. टाळ्या वाजल्या, पेढे वाटले.

दसरा झाला आणि पोकलेन साईटवर न्यायची वेळ आली, तर ती ट्रेलरवर चढेना. इंजिन सुरू व्हायचं, पण जोर धरायचं नाही. विजयश्री अजून सुट्टीवर होती, म्हणून सोपानरावांच्या पुतण्यानं, कुलदीपनं, लॅपटॉप लावला. टर्बोच्या हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरचा कोड आला. त्यानं नवा सेन्सर आणून बसवला, तरी कोड तोच. नवी मशीन, नवा सेन्सर, मग बिघडलं काय? तानाबाईंना आठवलं, पूजेआधी बाई वर चढली होती.

विजयश्री कामावर आली तेव्हा सगळे तिचीच वाट बघत उभे होते.

"त्या दिशी तुला अडचण व्हती का गं?" तानाबाईंनी विचारलं.

बाप्ये एकदम आपापले बूट निरखू लागले. 'नव्हती' एवढं म्हटलं असतं तरी विषय संपला असता. कुणाच्या बापाला कळणार होतं?

"व्हती," विजयश्री म्हणाली. "पोट दुखत व्हतं, तरी चढले. मग?"

"मग काय?" सोपानराव म्हणाले. "आमी देवाधर्माची मान्सं. मशिनीला आता कुलदीप बघंल. तू उद्यापास्नं येऊ नको."

विजयश्रीला रडू आलं, आणि रडू आलं याचाच जास्त संताप आला. हे काम तिनं कुणाच्या मेहेरबानीनं मिळवलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि तीही अशा कारणासाठी!

"इंजिनमदी माझं नाव निघू द्या," ती म्हणाली. "निघालं तर आत्ता जाते. पण बघितल्याबिगर इथून हलायची न्हाई."

उत्तराची वाट न बघता ती वर चढली, तेच बूट घालून. लॅपटॉपवर कोड तोच होता. तिनं नव्या सेन्सरला हातही लावला नाही. त्याच्यापासून निघालेल्या वायरीवरून बोट फिरवत ती खाली खाली गेली. इंजिनच्या बगलेला दोन वायरी जोडणारा सांधा होता, आणि त्याच्यात मुंग्यांची रांग शिरत होती. सांधा उघडला. रबर ठोका बसून फाटलेलं, पिना हिरव्या पडलेल्या, आत चिकट ओल आणि खोबऱ्याचा बारका तुकडा.

"नवनाथभाऊ, वर या. वास घ्या."

नवनाथनं वास घेतला आणि मालकाकडं बघितलं. "नारळाचं पाणी हाय, दादा."

"देवाचं पाणी हाय ते!" सोपानराव ओरडले. "त्यानं कदी मशीन बंद पडती का?"

"देवाला म्हाईत असतंय पाणी कुठं टाकायचं ते," विजयश्री म्हणाली. "फोडणाऱ्याला न्हाई म्हाईत."

कुलदीप खुदकन हसला आणि लगेच खोकला. विजयश्रीनं सांधा साफ केला, हवा मारून वाळवला, पिना घासल्या, रबर बदललं. केबिनमध्ये बसून तिनं चावी फिरवली, तेव्हा पोकलेन अशी गरजली की झाडावरचे कावळे उडाले. कोड गेला.

सोपानराव तसे दुष्ट नव्हेत. त्यांनी हात वर करून इंजिनचा आवाज कमी करायला लावला. "बरं, ऱ्हा कामावर. फकस्त खंडेनवमीला सुट्टी घेत जा. पगारी!"

दुसरी कुणी असती तर हात जोडून हो म्हणाली असती. नोकरी राहिली, वर पगारी सुट्टी. सुजितनंही घरी हेच सांगितलं असतं. विजयश्रीच्या मनात ते आलंसुद्धा. पण सुट्टी घेतली की आज तिनं जे खोटं ठरवलं, तेच दर वर्षी आपल्या हातानं खरं करायचं.

"नको सुट्टी," ती म्हणाली.

नवनाथनं मध्ये पडून बघितलं. "वहिनी, उतरा. ट्रेलरवर मी चढवतो."

"मीच चढवते. विटाळ तर झालेलाच हाय."

तिनं पोकलेन वळवली. लोखंडी पट्टे खडखडत ट्रेलरच्या रॅम्पकडं निघाले. रॅम्पच्या तोंडाशी सोपानराव हात पसरून उभे होते. विजयश्रीनं हॉर्न वाजवला आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"मालक, पुढल्या खंडेनवमीला मी येणार, वर चढणार. त्या दिशी मला काय हाय, काय न्हाई, ते कुणी इचारायचं न्हाई. आता सरका."

सोपानरावांनी आईकडं पाहिलं. तानाबाई पोकलेनकडं बघत होत्या. पट्टे पुढं आले.

सोपानराव सरकले.