मूठभर तिरफळं आणि सासऱ्यांचं मौन

माझे सासरे माझ्याशी बोलत नव्हते. तशी अडचण काही नव्हती. समोरासमोर बसलो तरी सगळा कारभार सासूबाईंमार्फत चालायचा.

"त्येका सांग, पंखो वाढव."

सासूबाई माझ्याकडे वळायच्या. "पंखा वाढव रे बाबा."

मी पंखा वाढवायचो आणि सासूबाईंना म्हणायचो, "बाबांना सांगा, वाढवला."

मी खानदेशातला, चोपड्याकडचा. आठवीत शाळेला रामराम ठोकून मुंबईत आलो आणि लोकांच्या घरी पडदे बसवायला लागलो. बोरीवलीने मला काम दिलं, भाड्याची खोली दिली आणि वर मालवणची दर्शना दिली. एवढं मिळाल्यावर माणसाने गप्प बसावं की नाही? पण सासरे बोलत नाहीत, हे मला खुपायचं. "भरीत खाणाऱ्याशी बोलायचा काय?" असा त्यांचा सवाल होता. (तोही सासूबाईंनाच.)

शेवटी दर्शनाने तह घडवून आणला. रविवारी आई-बाबा आपल्याकडे जेवायला येतील, मी माझ्या हाताने बांगड्याचं तिखलं रांधायचं, आणि ते जमलं तर बाबा माझ्याशी बोलतील.

नेमकी त्याच रविवारी तिला लॅबमध्ये ड्यूटी लागली!

"घाबरू नकोस रे," पायात चप्पल सरकवत ती म्हणाली. "वाटण फ्रिजमध्ये आहे, बांगडे साफ केलेत. फक्त शेवटी तिरफळं घाल. वरच्या डबीत आहेत."

"घालतो की! त्यात काय!" मी म्हणालो. तिरफळ मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण आधीच कमी शिकलेला, त्यात बायकोला हेही विचारायचं? एवढी लाज कुठे ठेवणार!

डबी उघडली. आत उकललेली तपकिरी फळं आणि त्यांत काळ्याभोर चकचकीत बिया. वास झकास! आता, आमच्याकडे मसाल्याची वस्तू म्हटली की ती भाजायची आणि वाटायची. अख्खी टाकतो तो आळशी! शिवाय सासरे पहिल्यांदा जेवायला येणार, तिथे चार-पाच दाण्यांनी काय होतंय? मी चांगली मूठभर घेतली. बियांसकट भाजली, मिक्सरला फिरवली आणि सगळी पूड कालवणात ओतली. चाखून बघितलं का? छे! पाहुण्यांआधी अन्न उष्टं करायचं नाही, हे आईने शिकवलेलं. (आईचं बाकी काहीच मी कधी ऐकलं नाही. हे नेमकं ऐकलं.)

सासरे कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. ताट वाढलं. रंग बघून त्यांनी मान हलवली. "त्येका सांग, रंग बरो इलो."

माझ्या डोळ्यांत पाणी! तिघांनी एकदमच पहिला घास घेतला. मग दुसरा.

तिसऱ्या घासाला जिभेवर मुंग्या आल्या. चौथ्याला ओठ सुन्न झाले. पाचव्याला माझी जीभ घर सोडून गेली. समोर बघतो तर सासऱ्यांनी पाणी प्यायला पेला तोंडाला लावलाय आणि पाणी हनुवटीवरून इस्त्रीच्या शर्टावर वाहतंय! सासूबाई दोन बोटांनी स्वतःचा खालचा ओठ ओढून बघत होत्या, आहे की गेला.

मेलो! सासू-सासऱ्यांना विषबाधा! मी दर्शनाला फोन लावला.

"दव्वना... आई-आआ... ईब गेई..."

"तू दारू प्यायलास?"

"आही! आही!"

"बाबांना फोन दे आधी!"

मी फोन सासऱ्यांच्या कानाला लावला. ते म्हणाले, "ऊंऽऽ ब्व्व."

"बाबांनापण पाजलीस?" दर्शना किंचाळली.

सासरे उठले आणि तरातरा ओट्याकडे गेले. मिक्सरचं भांडं उचलून त्यांनी वास घेतला. तळाशी चिकटलेला काळा चुरा बोटावर घेऊन उजेडात धरला. मग माझ्याकडे बघितलं. मग सासूबाईंकडे वळले, त्येका सांग म्हणायला. पण सासूबाई तोंडाला पदर लावून बसलेल्या. निरोप पोचवणारी जीभच बंद!

त्यांनी चूळ भरली. दोनदा जबडा हलवला. आणि थेट माझ्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द ओढत म्हणाले,

"रे खुळ्या! बियो... पण... वाटलंस?"

थेट मला! मध्ये कुणी नाही!

"हो बाबा!" मी आनंदाने ओरडलो. "सगळ्या वाटल्या!"

"पाच-सा घालूची असतत! बियो काढून! ठेचून! आणि ती खायची नसतत, ताटाच्या कडेक ठेवूची असतत!"

"हो बाबा!"

"हसतंस कित्याक?"

जसजशी जीभ परत आली तसतसा त्यांना जोर चढला. आमचं चोपडं, आमचं भरीत, माझी सोडलेली शाळा, कशालाच त्यांनी सोडलं नाही. दर्शना धापा टाकत घरी पोचली तेव्हा बाबा ओरडत होते, मी कृतज्ञतेने मान डोलावत होतो आणि सासूबाई कोपऱ्यात कोरडा भात खात होत्या.

आता ते रोज मलाच फोन करतात. दर्शना म्हणते, बाबा तुला मुलासारखं मानायला लागलेत. पण मला शंका आहे. सख्ख्या मुलाला ते 'गाढव' म्हणतात, आणि मी अजून नुसता 'खुळो'च आहे. गाढवापर्यंत पोचायला वेळ लागेल. मेहनत चालू आहे!