राखणीचे दगड

"कोन असंल वं, मास्तर?" असं एका म्हाताऱ्या धनगरानं मला विचारलं, आणि मी "माहीत नाही" म्हणालो. ते खोटं होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला सांगितली असती कदाचित, पण लग्नच केलं नाही.

तेव्हा मी सोलापुरात एका शाळेत शास्त्र शिकवीत होतो. एकोणीसशे तीस साल उजाडायला दोन-तीन वर्षं असतील. खोली गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात. शेजारी सगळे तेलुगू बोलणारे विणकर. माझं बोलणं वर्गात व्हायचं तेवढंच. रविवारी सायकल काढून कुंभारीच्या माळावर जायचो. तिथं माळढोक येत. मेंढराहून उंच, मान ताठ करून उभा राहिलेला तो पक्षी पहिल्यांदा पाहिला, तेव्हाच ठरवलं: याच्यावर निबंध लिहायचा, मुंबईच्या मासिकात छापून आणायचा आणि कॉलेजात जागा मिळवायची.

त्याच माळावर हा धनगर मेंढरं चारायचा. माझी दुर्बीण बघून पहिल्याच दिवशी म्हणाला, "बायकू न्हाय जनू तुमाला. म्हनून पाखरामागं लागलाय!"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? सदऱ्याची बटनं कुटं हायती?"

हसला, फडकं सोडलं आणि अर्धी भाकरी माझ्यापुढं केली. सोलापुरातल्या त्या दिवसांत मला बसा, जेवा म्हणणारा तो एकटाच.

पावसाळा सरत आला तेव्हा एक अंडं सापडलं. उघड्या जमिनीवर, खाली काडीसुद्धा नाही. वीसएक पावलांवर एकावर एक रचलेले तीन दगड. पुढच्या रविवारी गेलो तर दगड होते, अंडं नव्हतं. दुसरीकडंही तसंच झालं. मी वहीत लिहिलं: दगड ही अंडी चोरणाऱ्यांची खूण; धनगर घरटी हेरून ठेवतात. धनगर हाकेच्या अंतरावर बसला होता. त्याला विचारलं नाही. चोर थोडाच कबूल करणार, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे निष्कर्ष इतका बेतशीर बसला होता, की तो मोडायला नको वाटत होता.

निबंध छापून आला. या माळावर मेंढरांना बंदी करावी, असं शेवटी सुचवलं होतं. पुढच्या पावसाळ्याआधी माळ राखीव झाला, कडेनं पाट्या लागल्या, आणि मला पुण्याच्या एका कॉलेजातून नेमणुकीचं पत्र आलं.

सोलापूर सोडण्याआधी एकदा माळावर गेलो. धनगर पाटीच्या अलीकडं, रस्त्यावरच मेंढरं घेऊन उभा होता.

"मास्तर, जंगलाचा सायब आमाला म्हनला, तुमी धनगर दगडाची खून करून अंडी चोरता. अवो, ती राखन हाय की! पाखरू बसल्यालं दिसलं की पयला धनगर तीन दगड रचतो. मागनं येनाऱ्यानं लांबनंच कळप वळवायचा. आज्यापासनं चालत आलंय ह्ये."

"मग अंडी जातात कुठं?"

"घोरपड खाती, कोल्हा खातो. तुमच्या वासावबी गेला असंल कोल्हा. तुमी सारकं जवळ जाऊन वाकून बगत हुता न्हवं? म्हनलं, शिकल्यालं मानूस, कशाला बोला."

मी सायकलच्या घंटीवर बोट ठेवून उभा होतो.

"सायबाच्या कानात ह्ये कुनी घातलं? कोन असंल वं, मास्तर?"

"माहीत नाही."

"तुमाला तरी कसं ठावं असनार. पर तुमाला लिवाया येतं. सायबाला एक कागद लिवा की. राखनीचं दगड हायती म्हनून लिवा. न्हायतर ही मेंढरं घिऊन मी जाऊ कुटं?"

"लिहितो," मी म्हणालो.

नेमणुकीचं पत्र तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होतं. कागद लिहिला असता तर निबंध खोटा ठरला असता, आणि नोकरी निबंधावर मिळाली होती.

दोन वर्षांनी परत गेलो. कुसळीचं गवत कमरेएवढं वाढलं होतं. माळढोक एकही नाही. त्याला दूरवरचं दिसावं लागतं. मेंढरं गवत खुरटं ठेवत होती म्हणून तो इथं येत होता, हे मला त्या गवतात उभं राहून कळलं. तीन दगड पायाला लागले तेव्हा सापडले. धनगरानं कळप विकला आणि तो लेकीकडं दुधनीला गेला, असं कुंभारीत समजलं.

कॉलेजात मी दरवर्षी चराईबंदीचे फायदे शिकवतो. पोरं परीक्षेत चोरांच्या दगडांची गोष्ट लिहितात आणि मी त्यांना गुण देतो. संध्याकाळी खानावळीचा डबा उघडतो. समोर कुणी नसतं. अजूनही भाकरी अर्धी मोडून ठेवतो, मग दोन्ही अर्ध्या मीच खातो.

दुधनीला आगगाडी जाते. मी गेलेलो नाही. म्हातारा आहे की नाही, ठाऊक नाही. त्याच्यासाठी साहेबाला एक कागद लिहायचा आहे: ते दगड राखणीचे होते, आणि चोरीचं मी लिहिलं होतं. तो मी अजून लिहिलेला नाही.