भुंग्याचा ठपका सुतारावर

लातुरात सुतारकी करून केस पांढरे झाले. हाताचे पॉलिशचे डाग निघतात, पण भुंग्याचे किस्से डोक्यात साठतच जातात. लाकूड खातो भुंगा आणि शिव्या खातो सुतार! राग येणार नाही तर काय?

रेणापूरच्या एका गुरुजींनी आठवड्यापूर्वी तोडलेला आंबा आणला. "वास्तुशांती जवळ आलीय, चौकटी करा." म्हटलं, "गुरुजी, वर्षभर वाळू द्या. ओल्या आंब्याला भुंगा लागतोच." "मुहूर्त थांबत न्हाई!" म्हणून त्यांनी दुसरा सुतार गाठला. दिवाळीला फोन मात्र मला! "चौकटीतून पीठ गळून राहिलंय वो!"

"मग पोळ्या लाटा!" म्हटलं अन् फोन कापला.

कंधारच्या एका चाचांनी भुंग्याचा आवाज म्हणून ऑडिओ पाठवला. चांगला तीन मिनिटांचा. त्यात भुंगा कुठंच नाही, चाचीच कडाडतायत, "दिनभर पलंग कू कान लगाको बैठे! कुछ काम हय के नईं?"

एका साहेबांनी तर भोकांत मेण भरून वर पॉलिश मारलं. महिन्यात पॉलिशलाही भोकं. वर मलाच म्हणतात, "तुमचा भुंगा लई हट्टी हाय!" माझा भुंगा? मी काय पाळून ठेवलाय!

ओल्या लाकडाला रंधा लावणाऱ्याचा हातच मोडावा, असं मी चारचौघांत कायम सांगत आलोय.

आणि माझ्या मंगलचं लग्न आठ दिवसांत ठरलं. लेकीला दिवाण माझ्याच हातचा द्यायचा, हा माझा हट्ट. दुकानात ओला आंबाच शिल्लक होता. तोच वापरला.

वर्षानं मुखेडहून तिच्या सासऱ्यांचा फोन. "पाव्हणं, दिवाणाखाली पीठ पडून राहिलंय. औषध घेऊन या." औषध अन् सिरिंज घेऊन एसटीत बसलो. रस्ताभर स्वतःवरच चरफडत होतो. बत्तीस वर्षांचं नाव लेकीच्याच सासरी मातीत जाणार होतं.

दिवाणाभोवती सगळं घर जमलेलं. सासऱ्यांनी विचारलं, "हा तुमच्याच हातचा ना?"

मी तोंड उघडायच्या आत मंगल म्हणाली, "न्हाई मामंजी. अप्पांना येळ कुठं होता? दुकानातून रेडिमेड आणलाय." तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"रेडिमेडवाले असलेच चोर!" सासरे भडकले.

मी दिवाणाखाली शिरलो, भोकात सुई घातली अन् तिथूनच ओरडलो, "असल्याचा हातच मोडावा!"