बूट त्यांचे, नवस माझा

वैमानिक व्हायच्या मुलाखतीला मी कोट-टाय घालून अनवाणी गेलो.

विसरभोळेपणानं नव्हे, चांगलं ठरवून. आदल्या खेपेला कॅडेट पायलटच्या निवडीत मी शेवटच्या फेरीत गळालो होतो आणि पुढच्या वर्षी माझं वय बसणार नव्हतं. म्हणजे हीच शेवटची संधी. तेव्हा चामराजपेटेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीपुढे उभं राहून मी बोलून बसलो, की निवड होईपर्यंत पायात काही घालणार नाही. मारुतीनं असलं काही मागितलं नव्हतं. तो बिचारा शेंदूर लावून गप्प उभा होता. सगळी बोलणी एकट्यानं मीच केली. कोरमंगलातल्या ऑफिसात लोकांना वाटलं, हे व्यायामाचं नवं खूळ. दोघांनी तर माझं बघून बूट काढलेही. मी मात्र भेगाळलेल्या टाचांकडे बघून स्वतःच्याच भक्तीवर खूश होतो.

त्या सकाळी अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, म्हणाली, "निदान पिशवीत तरी बूट ठेव रे." मी म्हणालो, "अक्का, बूट बरोबर नेणं म्हणजे देवावर अविश्वास." ती म्हणाली, "सरी. जा मग." त्या कानडी 'सरी'त, म्हणजे साध्या 'बरं'मध्ये, काय काय भरलं होतं, ते मला यशवंतपूरला पोचल्यावर कळलं.

निवड तिथल्या एका हॉटेलात होती. दारातल्या बाईंनी माझी कागदपत्रं पाहिली, टाय पाहिला, मग त्यांची नजर खाली गेली. मी नवसाची हकीकत हिंदीत सांगितली. माझ्या हिंदीत ती आणखीनच विचित्र वाटली. त्या शांतपणे म्हणाल्या, "शूज के बिना अंदर नहीं, सर. आपका नंबर आने तक देख लीजिए." तेवढ्यात घरी जाऊन येणं अशक्य. आणि आसपास जी दुकानं उघडी होती, ती सगळी कांदा-बटाट्याची.

मी फुटपाथच्या कडेला बसलो. मारुतीला 'वाचव' म्हणावं, तर कशापासून? माझ्याच शब्दापासून? इतके महिने मी त्याला अटी घालत आलो होतो, आता एकही सुचेना. "मारुतीराया, मला अक्कल नाही. आता तुला काय करायचं ते कर," एवढं मोठ्यानं बोललो आणि, खरं सांगतो, फार दिवसांनी छातीवरचं काहीतरी उतरलं.

"मराठी काय रे तम्मा?" धाकट्या भावाला हाक मारावी तसा शेजारून आवाज आला. मुलीला मुलाखतीला घेऊन आलेले एक गृहस्थ होते, निपाणीकडचे. मी सगळं सांगितलं. ते वाकले आणि स्वतःच्या बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"घाल."

"अहो काका, पण नवस..."

"ते तुझं तू आणि तो बघून घ्या. आत जायचंय का न्हाई?"

मोजेसुद्धा काढून त्यांनी माझ्या हातात कोंबले. पाय आत सरकवताना मी मनातल्या मनात मारुतीची माफी मागितली. बूट मला इतके ढगळ होते, की मुलाखतीच्या खोलीत मी शिरण्याआधी त्यांचा आवाज शिरला. समोरच्या वयस्कर कॅप्टननी विचारलंच. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, "उद्या विमानात नियम एक सांगेल आणि तुमची श्रद्धा दुसरंच. मग?" या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. म्हणालो, "सर, आज दारात तेच झालं. मी बूट घातले."

माझी निवड झाली, हे पुढे कळलं. पण माझ्यापुरता अनुभव त्याच दुपारी पुरा झाला. बाहेर आलो तेव्हा ते काका होंगेच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखालच्या सावलीच्या तुकड्यात उभे होते. मुलगी केव्हाच मुलाखत देऊन बाहेर आली होती, तरी बापलेक माझ्यासाठी थांबलेले. तापलेल्या फरशीवर काका एक पाय उचलत होते, एक टेकवत होते. ते अनवाणी पाय पाहून मला गलबलून आलं. मी बूट घालून नवस मोडला म्हणून आत झुरत होतो, आणि इथे माझ्या वाटचं अनवाणीपण कुणीतरी न बोलता निभावत उभं होतं. मी कबूल केलेलं देवानं घेतलं ते असं, माझ्याकडून नव्हेच. माझ्याकडून त्याला बहुधा एवढंच हवं होतं, की मी हट्ट सोडावा आणि कुणी पुढे केलेलं मुकाट्यानं घ्यावं. तेव्हापासून मारुतीपुढे मी नुसता उभा राहतो. काही कबूल करत नाही, काही मागत नाही, बरं वाटतं.

डोळे पुसत मी काकांच्या पायांवर वाकलो. म्हणालो, "तुमच्या रूपानं आज मारुतीच भेटला हो."

त्यांनी बूट हातात घेतले, आतले मोजे दोन बोटांनी उचलून उन्हात धरले आणि म्हणाले, "मारुती कधी बूट घालतो व्हय रे? आन् पाय न धुता मोजे घातलास, येड्या. धुऊन आणून दे."